लोवेनाचं मत

थेल्मा ट्रेम्बाथ आपल्या नातीवर जळत होती, आणि हे तिला स्वतःला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या कुणी तसं बोलून दाखवलं असतं तर तिने त्याला दारातूनच पिटाळलं असतं, ते वेगळं. एकोणसत्तर वर्षांची बाई पंचवीस वर्षांच्या पोरीचा हेवा करते, तोही स्वतःच्या हातांनी न्हाऊमाखू घातलेल्या पोरीचा! लाज वाटायला हवी की नको? वाटत होती ना. पण लाज वाटली म्हणून हेवा जातो, असं कुणी सांगितलं?

लोवेना दोन वर्षांपासून तिच्याकडेच राहत होती. तिची आई, म्हणजे थेल्माची मुलगी, स्विंडनला दुसऱ्या नवऱ्याच्या संसारात रमलेली. पोरगी समुद्रातल्या जीवांवर पदवी घेऊन पोर्थवेरिनला, इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या आपल्या गावी, परतली, तर नोकरी मिळाली कॅफेत कॉफी बनवायची. घर तर मिळालंच नाही. मिळणार कुठून? गावातली निम्मी घरं लंडनकरांनी घेऊन ठेवलेली. उन्हाळ्यात सहा आठवडे त्यांच्या खिडक्यांत दिवे लागायचे, बाकी वर्षभर दाराला कुलूप. मग आजीच्या मागच्या खोलीतलं इस्त्रीचं टेबल हललं आणि तिथे लोवेनाचा पलंग आला. पलंग मावला, तर पाय ठेवायला जागा उरली नाही.

बैठकीच्या खोलीत भिंतीतल्या शेगडीवरच्या फळीवर लोवेनाचा पदवीच्या दिवशीचा फोटो होता. काळा झगा, चौकोनी टोपी, हातात गुंडाळी. थेल्मा तो रोज पुसायची. पुसायची म्हणजे कशी, तर काचेवर फडकं असं घासायची की एखाद्या दिवशी त्या टोपीखालचा चेहराच पुसला जावा.

"आजी, मी बावन्न वर्षांची होईपर्यंत हे शिक्षणाचं कर्ज माझ्या पगारातून कापत राहणार आहेत," लोवेना रात्रीच्या जेवणाला बसली की सुरू व्हायची. "बावन्न! तोवर मी म्हातारी होईन."

"बावन्नला कुणी म्हातारं होत नाही. मटार घे."

"तुमच्या वेळी सगळं फुकट होतं. कॉलेज फुकट, वर हातखर्चाला पैसे. घर घ्यायचं तर दोन वर्षांच्या पगारात."

थेल्मा मटार वाढायची. मला कुणी दिलं असतं ना ते कर्ज, ती मनात म्हणायची, तर नव्वदीपर्यंत फेडलं असतं मी. हसत हसत फेडलं असतं.

कारण तुमच्या वेळी, तुमच्या वेळी, असं पोरगी म्हणायची ती वेळ थेल्माच्या वाट्याला आलीच कुठे होती? अकराव्या वर्षी एक परीक्षा असायची. पास झालं तर ग्रामर स्कूल, तिथून पुढे कॉलेज. नापास झालं तर दुसरी शाळा आणि पंधराव्या वर्षी कामाला. सहासष्ट साली पोर्थवेरिनमधून चौदा पोरं परीक्षेला बसली आणि पास झाली ती दोनच. त्यात पहिली थेल्मा. पत्र आलं त्या दिवशी आईने केशराचा पाव भाजला होता. संध्याकाळी बाप बोटीवरून आला, त्याने पत्र वाचलं आणि म्हणाला, गणवेश विकत घ्यावा लागतो त्या शाळेत. टोपी, कोट, हॉकीची काठी. पुढच्या वर्षी धाकटा डेन्झिल बसणार आहे परीक्षेला. दोघांचं झेपायचं नाही, आणि मुलीला काय करायचंय?

झालं. डेन्झिल पुढच्या वर्षी कसाबसा पास झाला, ग्रामरला गेला, मग शिक्षकांच्या कॉलेजात गेला, एक पैसा न भरता. हेडमास्तर होऊन निवृत्त झाला. आता बंदरावर त्याची दोन घरं. एकात तो राहतो, दुसरं सुट्टीला येणाऱ्यांना भाड्याने देतो. थेल्मा गेली हॉटेलच्या धुलाईखान्यात. चाळीस वर्षं परक्यांच्या चादरींना इस्त्री केली. एवढं खरं, की त्र्याऐंशी साली कौन्सिलचं भाड्याचं राहतं घर स्वस्तात विकत घ्यायची सोय झाली, तेव्हा तिने आणि तिच्या नवऱ्याने, बिचाऱ्या रेगने, ते घेऊन टाकलं. तेवढं एक घर. त्यावरून गावातल्या तरण्या पोरांनी तिला श्रीमंतांत जमा केलं होतं.

डेन्झिलचा हेवा तिने इतकी वर्षं केला होता की तो आता अंगवळणी पडला होता, गुडघेदुखीसारखा. पण लोवेनाचा हेवा ताजा होता. पोरगी पुस्तक वाचता वाचता पेन्सिल केसांत खोचायची ना, ते बघूनसुद्धा थेल्मा जळायची. काय तो रुबाब! जगातली सगळी पुस्तकं आपल्यासाठीच छापलीत असं वागणं, आणि वरून तक्रार.

मग घरांचं प्रकरण निघालं.

थेल्माच्या घरामागे वर चढत गेलेलं एक माळरान होतं. गावच्या आराखड्यात तिथे बारा घरं बांधायची ठरली. विकायची फक्त त्यांनाच, जे बारा महिने गावात राहतात आणि इथेच काम करतात. लंडनकरांना बंदी. आराखडा मंजूर व्हायचा तर गावाने मतदान करून 'होय' म्हणायला हवं. लोवेनाने दुसऱ्याच दिवशी घरासाठी नाव दिलं. त्या बारांतलं एक तिला मिळण्यासारखं होतं, आणि तिच्या बोलण्यातून कॅफे, कर्ज सगळं गेलं. उरलं फक्त स्वयंपाकघर कुठल्या बाजूला असेल आणि खिडकीतून काय दिसेल.

मतदानाआधी चॅपलच्या हॉलमध्ये सभा झाली. थेल्मा मागे चहाच्या बंबाशी उभी. ती नेहमीच बंबाशी असायची. डेन्झिलने उठून छान भाषण केलं: गावाचं सौंदर्य, माळावरचे पक्षी, आपली परंपरा. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. मग लोवेना उठली.

"आमच्या घरातलंच सांगते," ती म्हणाली. आवाज जराही कापला नाही. "डेन्झिलआजोबा फुकट शिकले, सत्ताविसाव्या वर्षी घर घेतलं, आता दुसऱ्या घराचं भाडं खातात. मी त्याच घराण्यातली. मी कर्ज काढून शिकले आणि इस्त्रीच्या खोलीत झोपते. आजोबा, पक्ष्यांना माळ हवा हे कबूल. पण माझ्यापेक्षा चिमणीला घर मिळणं सोपं आहे हो या गावात!"

हॉल हसला, मग टाळ्या पडल्या. चांगल्या जोरात पडल्या. थेल्माच्या हातातली किटली तिरपी झाली आणि चहा बशीत सांडला. आमच्या घरातलं सांगते म्हणाली आणि आजीचं नाव नाही! डेन्झिल होता, ती स्वतः होती. मधली बाई कुठे गेली? बंबामागे गेली. तिच्या इस्त्रीच्या खोलीचा उल्लेख आला, तिचा नाही आला.

सभा संपल्यावर डेन्झिल चहाला आला. टोमणा खाऊनही खूश होता. "पोरीने धू धू धुतलं गं मला! पण बोलते काय! डोकं आहे तिला. माझ्यावर गेलीये."

"तुझ्यावर?"

"मग? आपल्या घरात शिकलेला दुसरा आहे कोण?"

थेल्माने त्याच्या चहात साखर घातलीच नाही. तो दोन चमचे घेतो हे माहीत असून घातली नाही. त्या दिवशी तेवढंच तिच्या हातात होतं.

आठवड्याने लोवेनाला एकदम मोठं काम मिळालं. तीन आठवडे बोटीवर राहून समुद्रातले मासे मोजायचे, शास्त्रज्ञांबरोबर. खोल समुद्रात, आयर्लंडच्याही पुढे. तिच्या शिक्षणाचं पहिलं काम. पोरगी स्वयंपाकघरात उड्या मारत होती. थेल्मा आयुष्यात प्लिमथच्या पुढे गेली नव्हती. ती म्हणाली, "अंगावर लोकर घाल, सर्दी होईल."

"पण आजी, मतदान त्याच दिवसांत येतंय. माझ्या वतीने तू मत टाकशील?"

"मी?"

"अर्ज भरलाय मी. तुझं नाव घातलंय. तुला दोन कागद देतील, एक तुझा, एक माझा. माझ्यावर 'होय'ला फुली मारायची."

थेल्माने हात पुसले. "मी 'नाही' म्हणणार आहे, लोवेना. तोंडावर सांगते. माझ्या खिडकीसमोर बारा घरं मला नकोत."

तिला वाटलं होतं पोरगी चिडेल. पोरगी हसली. "माहितीये मला. मग काय झालं? तुझं 'नाही', माझं 'होय'. दोघींची फिट्टंफाट! दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर मला झोप लागली नसती." आणि तिने आजीच्या गालाचा पापा घेतला. थेल्माला तो गाल दिवसभर वेगळा जाणवत राहिला.

मतदान गुरुवारी होतं. थेल्मा अकराच्या सुमाराला चॅपलच्या हॉलवर गेली. दाराशी कुणाचा तरी कुत्रा बांधलेला होता. आत टेबलामागे क्लिफर्ड पेलो, जुना पोस्टमन, यादी घेऊन बसलेला. थेल्माच्या पुढे मासेमारीच्या बोटीवर काम करणारा जोरी होता, लोवेनाचा कॉलेजातला वर्गमित्र, आणि त्याचं क्लिफर्डशी वाजलं होतं.

"यावर माझा फोटो आहे, नाव आहे, सगळं आहे!"

"हा तरुणांचा रेल्वेचा पास आहे. हा चालत नाही. पासपोर्ट आण."

"पासपोर्ट ट्रुरोला, भाड्याच्या खोलीत! दोन तास जातील. अर्ध्या तासात माझी बोट सुटते."

"नियम मी केलेला नाही, पोरा."

जोरी मागे सरकला. थेल्मा पुढे झाली. क्लिफर्ड म्हणाला, "ओळखपत्र?"

"क्लिफर्ड, तुझ्या बायकोच्या लग्नाच्या झग्याला इस्त्री मी केली होती."

"माहितीये गं बाई. तरी दाखव."

तिने ज्येष्ठांचा बसपास काढला. कधीचा तरी जुना फोटो, तिच्यापेक्षा तिच्या मावशीसारखा दिसणारा, पासाची मुदतसुद्धा संपलेली. क्लिफर्डने एक नजर टाकली आणि होकारार्थी मान डोलावली.

"तिचा बसचा पास चालतो आणि माझा रेल्वेचा नाही?" जोरी ओरडला. "त्याच्यावर काय देवाची सही आहे?"

थेल्माला हसू आलं. खोटं कशाला बोला, तिला बरं वाटलं. जन्मात पहिल्यांदा असं झालं होतं की दार तिच्यासाठी उघडं आणि शिकल्यासवरल्यांसाठी बंद. ती ताठ उभी राहिली.

"आणि लोवेनाचा कागद," क्लिफर्ड म्हणाला. "तिच्या वतीने तू. हा घे."

दोन्ही कागद अगदी सारखे. थेल्मा आडोशाच्या फळीशी गेली. दोरीने बांधलेली पेन्सिल तिने हातात घेतली, आपल्या कागदावर 'नाही'समोर फुली मारली आणि तो घडी करून बाजूला ठेवला.

दुसरा कागद समोर होता.

'होय'च्या चौकटीवर पेन्सिल टेकवायची, की झालं. सांगितलेलं काम. आयुष्यभर तिने सांगितलेलीच कामं केली होती. पण पेन्सिल हलेना. तिला लोवेना दिसत होती, त्या बोटीवर, केस वाऱ्यावर सोडलेले, शास्त्रज्ञांमध्ये उभी राहून आकडे सांगणारी. तिला पदवी मिळाली. तिला बोट मिळाली. हॉलभर टाळ्या मिळाल्या. आता घरही मिळणार, पंचविसाव्या वर्षी, नवरा नाही, पोर नाही, एकटीच्या नावावर. आणि तरी ती म्हणणार की मला काही मिळालं नाही! मग मला काय मिळालं? कुणी विचारलं? एकदा तरी? सगळंच का हिला मिळावं? एक तरी गोष्ट अडू दे ना हिची. एकदा तरी हिलाही कळू दे, कुणीतरी दुसऱ्याने ठरवलं की कसं वाटतं ते.

तिने 'नाही'समोर फुली मारली. ठळक मारली, पेन्सिलीचं टोक मोडेपर्यंत.

मग दोन्ही कागद पेटीत गेले आणि ती बाहेर आली. बाहेर छान ऊन होतं. कुत्र्याला थोपटून ती घरी गेली आणि चहा केला, पण तो प्यायली नाही. देवा रे, हे काय केलं मी? परत जाऊन क्लिफर्डला सांगावं का? काय सांगणार? पेटीतला कागद परत मिळत नाही. आणि कुणाला कळणार आहे? मत गुप्त असतं. हेच तर सगळ्यात वाईट होतं, की कुणालाही कळणार नव्हतं.

शुक्रवारी सकाळी निकाल लागला. 'होय'ला दोनशे चार, 'नाही'ला दोनशे एकतीस. आराखडा पडला. थेल्माने तो आकडा पाकिटावर लिहून वजाबाकी केली. सत्तावीस. लोवेनाचं मत नीट पडलं असतं तरी काही फरक पडला नसता. तिने स्वतःला हे दिवसातून दहा वेळा सांगितलं. दहाही वेळा ते खरं होतं आणि दहाही वेळा त्याने बरं वाटलं नाही.

लोवेना समुद्रावरून परत आली ती उन्हाने तांबूस होऊन. चौथ्या दिवशी तिने सांगितलं की बोटीवरच्या शास्त्रज्ञ बाईंनी ब्रिस्टलला नोकरी देऊ केलीये आणि तिने हो म्हटलंय. तिथेही खोलीच मिळणार होती, चौघींच्या घरात. पण इथे थांबून आता करायचं काय?

शनिवारी सकाळी दहाच्या बसला थेल्मा तिला पोचवायला गेली. थांब्यावर दोघीच. लोवेनाची मोठी बॅग पायांत.

"मला या गावाचा राग येतो, आजी," लोवेना म्हणाली. "सगळ्यांचा. सभेत टाळ्या वाजवल्या आणि आत जाऊन 'नाही' करून आले. जोरी सांगत होता, त्याला तर मतच देऊ दिलं नाही. म्हाताऱ्यांनी ठरवलं आमचं." मग तिने आजीचा हात धरला. "तू सोडून हं. तू निदान तोंडावर सांगितलंस आणि तरी माझं मत माझं म्हणून टाकलंस. या अख्ख्या गावात मला न फसवणारी तू एकटी."

थेल्मा काही न बोलता राहू शकली असती. बस पाच मिनिटांवर होती. पण हात पोरीच्या हातात होता.

"नाही टाकलं."

"काय?"

"तुझ्या कागदावरपण 'नाही'च केलं मी. मुद्दाम केलं. चुकून नाही."

लोवेनाने हात काढून घेतला नाही, पण तो तसाच निर्जीव झाला. "का?"

"मला तुझा हेवा वाटत होता."

"माझा?" पोरगी हसायलाच लागली. वाईट हसणं होतं ते. "माझा हेवा? माझ्याकडे आहे काय, आजी? एक बॅग आहे! तुझ्याकडे घर आहे."

"आहे."

"तुला ती घरं इतकी नको होती तर नुसतं म्हणायचं. लोवेना, या वेळी तुझं मत मला दे, एवढं म्हटली असतीस तर दिलं असतं मी. तुला दिलं असतं. चोरायचं कशाला?"

"मत नको होतं गं मला," थेल्मा म्हणाली, आणि आता तिला स्वतःचा आवाज थांबवता येईना. "घरांचंही काही नव्हतं. बांधेनात का शंभर! त्या परीक्षेत मी पहिली आले होते, लोवेना. डेन्झिल नाही, मी. चौदा पोरांत पहिली. तू सभेत डेन्झिलचं नाव घेतलंस. टाळ्या पडल्या आणि मी बंबामागे उभी. मला तू व्हायचं होतं. बावन्न वर्षांपर्यंत कर्ज, ती इस्त्रीची खोली, सगळं चाललं असतं मला. मला तू व्हायचं होतं."

लोवेना तिच्याकडे बघत राहिली. परीक्षेचं तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. ती काहीतरी बोलणार होती, पण वळणावर बस आली आणि ड्रायव्हरने दार उघडलं. पोरीने बॅग उचलली. पायरीवर ती वळली, डोळे भरलेले होते, पण रागाने की कशाने ते थेल्माला कळलं नाही.

"मला आत्ता तुला माफ नाही करता येत, आजी," ती म्हणाली. "आत्ता नाही."

"नको करूस."

बस गेली. लोवेना डाव्या बाजूला बसली होती, समुद्राकडे. तिने हात केला नाही. थेल्मा थांब्याच्या बाकावर बसली आणि रडली, भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर. क्लिफर्डची बायको पिशवी घेऊन चालली होती, ती थांबली आणि म्हणाली, "अगं थेल्मा, येईल गं पोर सुट्टीला. एवढं काय?"

थेल्माने मान डोलावली. पोर गेली म्हणून ती रडत होती, हे खरंच होतं. पण सगळं खरं सांगायचं तर त्यातलं निम्मं रडणं त्या बसमध्ये आपण नाही म्हणून होतं.